गर्भारपणातील कोविड-१९ आणि नवजात अर्भक

गर्भवतीला सार्स-कोव्ह-२ विषाणूचा संसर्ग झाल्याने गर्भावर व नवजात अर्भकावर होणारे परिणाम. हा विषाणू डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान येथे प्रथम आढळला (पहा : कोविड-१९).

आईकडून गर्भाकडे विषाणू थेट जाण्याचे प्रमाण अल्प आहे. पेशीत शिरण्यासाठी त्याला लागणारी एसीई-२ व टीएमपीआरएसएस-२ ही प्रथिने वारेच्या (अपरेच्या) एकाच पेशीत क्वचित एकत्र असतात. तरीही पुण्याच्या ससून रुग्णालयाने २०२० मध्ये आईकडून गर्भाकडे झालेल्या अशा संक्रमणाची नोंद केली. बाळाला मुख्य धोका असतो तो आईच्या आजारातून. आजार तीव्र असल्यास तिच्या रक्तातील ऑक्सिजन घटतो, प्रसूती मुदतीपूर्वी होते किंवा करावी लागते आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवण्याची वेळ येते (पहा : अकाल प्रसूती). क्वचित वारेचाच दाह होतो. वारेत फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन) साचते, तिच्या अंकुरांवरील पेशी मरतात आणि रक्तपुरवठा खुंटून गर्भमृत्यू ओढवतो. विषाणूच्या डेल्टा प्रकाराच्या लाटेत ही विकृती विशेष दिसली.

जन्मानंतर लागण झालेल्या बहुतेक बाळांत लक्षणे सौम्य असतात. साथीच्या आरंभी अनेक ठिकाणी बाळांना आईपासून वेगळे ठेवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मुखपट्टी व हातांची स्वच्छता पाळून स्तनपान चालू ठेवण्याची शिफारस केली (पहा : स्तनपान).

भारतात जुलै २०२१ पासून गर्भवतींना लस खुली झाली. लशीमुळे आईत तयार झालेली आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळात जातात व पहिल्या काही महिन्यांत त्याला संरक्षण देतात (पहा : प्रतिरक्षा).