कणखर सायकल कोण ठरवते? हार्डटेलचा इतिहास : रिपॅकच्या उतारापासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत

१/ मुलुंड, बोरिवली, अंधेरी, घाटकोपर. या उपनगरांतल्या सायकलस्वारांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही : उड्या आणि पायवाटा या दोन्हींना पुरून उरेल अशी कणखर हार्डटेल कोणती? कोणी पोलादाची बाजू घेतो, कोणी अॅल्युमिनियमची. वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. वस्तुतः त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे मुख्य साधन आहे स्वारांचे मत. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी व्याख्या. ज्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी यंत्रणा असते, पण मागचा सांगाडा संपूर्ण ताठ असतो, ती हार्डटेल. मागच्या चाकाला बसलेला धक्का सांगाड्यातून थेट स्वाराच्या पायांपर्यंत पोहोचतो. जमिनीवर उतरताना गुडघे आणि घोटे हेच तिचे मागचे शॉकअॅब्सॉर्बर.

३/ हे नाव मात्र वस्तूपेक्षा पुष्कळ तरुण आहे. सगळ्याच सायकलींचा मागचा भाग ताठ होता, तोवर सायकलीच्या दुनियेत त्याला वेगळ्या नावाची गरज नव्हती. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकली प्रचारात आल्या, तेव्हा जुन्या रचनेला ओळखण्यासाठी ‘हार्डटेल’ हा शब्द रूढ झाला. आगगाडी आल्यावरच बैलगाडीला ‘जुने वाहन’ म्हटले गेले, तसेच हे.

४/ या अर्थाने कणखर सायकलीची मुंबईतली कसोटी फार जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पूर्ण केला. मार्च १९२८ मध्ये ते परतले. प्रवास झाला होता सुमारे ४४,००० मैलांचा, म्हणजे जवळपास ७१,००० किलोमीटरचा.

५/ इराण आणि इराकची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश : एवढा पल्ला त्यांनी गाठला तो पुढेमागे कोणतेही सस्पेन्शन नसलेल्या सायकलींवर. १९२४ मध्ये मुंबईचेच फ्रामरोज दावर एकटे निघाले. पुढे व्हिएन्नात त्यांना एक ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला आणि दोघांनी सहारा ओलांडले. या प्रवाशांनी पुस्तके लिहिली, म्हणून त्यांची साक्ष आज आपल्या हाती आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

६/ स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकल देशात तयार होऊ लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलास आणि लुधियान्यात १९५६ मध्ये हीरो सायकल्स उभी राहिली. यांची मुख्य सायकल म्हणजे काळी, उंच, जड रोडस्टर. तिचा साचा इंग्लंडमधला; राबली मात्र ती इथल्या खड्ड्यांत.

७/ उपनगरांत ही सायकल कोण वापरत होते? शहरातील तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात इतर तबेलेही होते. दोन्ही अंगांना दुधाच्या कासंड्या लटकवून भय्ये पहाटे निघत. डबेवाले हँडलला आणि कॅरियरला डबे अडकवून स्टेशन गाठत. गॅसचे सिलिंडर, बर्फाच्या लाद्या, पावाच्या पेट्या : सारा भार याच सांगाड्यावर.

८/ एका माणसासाठी आखलेली सायकल दोन-तीन माणसांचे वजन वाहू लागली की ती ठरावीक जागी हार पत्करते. आरे तुटतात, मागची रिम वाकते, चिमटा मागे दबतो, पुढच्या नळ्यांच्या सांध्याला चीर जाते. म्हणून ओझ्याच्या सायकलींना दुहेरी दांडी आली, चिमट्याला दोन्ही बाजूंनी टेकू आले, जाड आरे आले. काही बदल कारखान्यांनी केले, पुष्कळसे नाक्यावरच्या सायकलवाल्याने आणि वेल्डरने.

९/ हे ज्ञान आले कोठून? गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून. ‘परत तिथेच तुटली’ हे वाक्य म्हणजेच त्या काळचा चाचणी अहवाल. पण तो कोणी लिहून ठेवला नाही. हिंद सायकल्सचे १९८० मध्ये कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, त्याची नोंद राजपत्रात सापडते. तीच सायकल रोज चालवणाऱ्या दूधवाल्याचे तिच्याविषयीचे मत मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

१०/ आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहू. ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात घडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या श्विन एक्सेलसियर सायकली भंगारातून उचलून डोंगरावरून खाली सोडत. रुंद फुगीर टायर, जाड पोलादी नळ्या. खडखडाट करणाऱ्या या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत.

११/ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर सुमारे ४०० मीटरचा उतार. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने भरावा लागे. म्हणून शर्यतीचे नावच पडले ‘रिपॅक’. पहिली शर्यत अॅलन बाँड्सने जिंकली.

१२/ जुने सांगाडे तुटू लागले, तेव्हा त्यांच्यातल्याच जो ब्रीझ या कारागिराने १९७७ मध्ये खास या कामासाठी क्रोमोली पोलादाचा नवा सांगाडा घडवला. आखणीला आधार होता त्याच्या स्वतःच्या १९४१ च्या एक्सेलसियरचा. मजबुतीसाठी त्याने दोन्ही बाजूंनी मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या जादा नळ्याही जोडल्या. पुढच्या मालिकेत त्याने त्या काढून टाकल्या. नेहमीचा चौकटी सांगाडाच पुरेसा ठरला होता.

१३/ इथे थांबून तुलना करा. मुंबईतल्या वेल्डरने जोडलेली जादा दांडी आणि ब्रीझची जादा नळी यांच्यामागचा विचार एकच होता : जिथे तुटते तिथे आधार द्या. फरक पुढचा. ब्रीझ स्वतः स्वार होता, तोच कारागीर होता आणि त्याच्या मित्रमंडळात लिहिणारे लोकही होते. आज त्याची पहिली सायकल अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. आपला वेल्डर निनावी राहिला.

१४/ पुढचा प्रवास वेगवान होता. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी कंपनी काढली. सांगाडे टॉम रिची घडवत असे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर बाजारात आली आणि डोंगरी सायकल सर्वसामान्य दुकानांत पोहोचली. १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्सचा सस्पेन्शन चिमटा आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ सामील झाला. आपल्याकडे १९९० च्या दशकात जाड टायरची हीरो रेंजर मुलांच्या स्वप्नात आली ती याच लाटेवर.

१५/ उड्यांचा प्रवाह मात्र वेगळ्या उगमातून आला, तो म्हणजे लहान चाकांच्या बीएमएक्स सायकली. म्हणून आज हार्डटेलच्या दोन शाखा दिसतात. उड्यांची सायकल : २६ इंची चाके, आखूड मागचा भाग, बुटकी सीट, बहुधा एकच गियर, पुढे साधारण १०० मिलिमीटरचा कडक चिमटा. पायवाटेची सायकल : २७.५ वा २९ इंची चाके, गियर, १२० ते १५० मिलिमीटरचा चिमटा आणि बटणाने खालीवर होणारी सीट.

१६/ एकाच सायकलीने दोन्ही कामे करावीत, ही अपेक्षा वादाचे मूळ आहे. उड्यांची सायकल चढावर दमवते. पायवाटेची सायकल हवेत सुस्त वाटते. त्यामुळे ‘ही सायकल भिकार आहे’ आणि ‘हिच्यासारखी दुसरी नाही’ ही दोन्ही मते एकाच सायकलीविषयी खरी असू शकतात. साक्षीदार खोटे बोलत नसतात. त्यांनी पाहिलेली घटना निराळी असते.

१७/ धातूच्या वादाचेही तसेच. पोलाद किंचित लवचिक, जड, आणि चीर गेली तरी बहुधा जोडता येणारे. अॅल्युमिनियम हलके आणि ताठ. पण उष्णतेने त्याच्या सांध्याची ताकद उतरते, म्हणून नाक्यावर वेल्डिंग करून ते पूर्ववत होत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद नळीच्या आतून गंजते, हाही हिशेब हवा. मागच्या सस्पेन्शनचे सांधे आणि बेअरिंग पावसाळ्यातल्या चिखलाने लवकर झिजतात. हार्डटेलला ते सांधेच नाहीत. इथले अनेक जण तिला पसंती देतात त्यामागे हे कारण आहे.

१८/ स्वारांच्या अनुभवाला पुढे आकडेही लाभले. एएसटीएम एफ २०४३ या वर्गीकरणात सायकलीच्या वापराच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. तिसरी श्रेणी : ६१ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या उड्या. चौथी : १२२ सेंटिमीटरपर्यंत. पाचवी : त्याहून मोठ्या. अनेक सायकलींच्या सांगाड्यावर वा माहितीपुस्तिकेत हा क्रमांक छापलेला असतो. जाहिरातीतल्या उड्डाणाच्या छायाचित्रापेक्षा हा लहानसा आकडा अधिक प्रामाणिक दस्तऐवज आहे. उड्या मारायच्या असतील, तर पहिल्यांदा तो वाचा.

१९/ प्रश्न जमिनीचाही आहे. सायकली वाढल्या तशा मरीनच्या अनेक डोंगरवाटा त्यांना बंद झाल्या, आणि वाटांवरचा हक्क व जबाबदारी या दोन्हींसाठी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटना स्थापन झाली. आपल्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल चालते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आतल्या रानवाटा कोणालाही मोकळ्या नाहीत. तिथे बिबट्याचे घर आहे, आदिवासी पाडे आहेत. कणखर सायकल हा परवाना नव्हे.

२०/ मग स्वारांचे मत ऐकावे की नाही? ऐकावेच, पण इतिहासाचा विद्यार्थी बखर वाचतो तसे. बोलणारा कोण, त्याचे वजन किती, त्याने सायकल किती महिने चालवली, कोणत्या वाटेवर, किती उंचीवरून, आणि नेमके काय तुटले? ‘एकदम दणकट आहे’ हे मत साधन म्हणून कमकुवत. ‘दोन पावसाळ्यांत मागची रिम दोनदा वाकली, सांगाड्याला काही झाले नाही’ ही साक्ष.

२१/ म्हणून शेवटी एक काम सुचवतो. तुमच्या नाक्यावर तीस-चाळीस वर्षे सायकली दुरुस्त करणारे एखादे काका असतील. दुकान बंद होण्यापूर्वी त्यांना विचारा : कोणती सायकल कुठे तुटायची? दूधवाल्याच्या सायकलीला तुम्ही काय बदल करायचा? परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि ठिकाण लिहा. रिपॅकच्या उताराचा इतिहास लिहिला गेला आहे. जोगेश्वरीच्या तबेल्यांपासून निघालेल्या सायकलींचा अजून लिहायचा आहे, आणि त्याचे साक्षीदार आज हयात आहेत.

धागा समाप्त. तुमच्या भागातील अशा जुन्या दुकानांची आठवण, छायाचित्रे असतील तर खाली अवश्य जोडा.