शरीरातील वस्तू आणि तिची नोंद

रोगांचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर उभे राहतात ते शोध, औषधे आणि नामवंत वैद्य. ज्या वह्यांत आणि कार्डांवर रोग्याची नोंद झाली, त्या कागदांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. स्तनरोपणाशी निगडित लिम्फोमाचा इतिहास मात्र हे कागद वगळून सांगता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'रोपण' या शब्दाचे नाते रोपाशी आहे. रोप मातीत रुजते. शरीरात ठेवलेली सिलिकोनची पिशवी रुजत नाही. शरीर तिला परकी मानते आणि तिच्याभोवती तंतूंचे आवरण तयार करते. आम्ही ज्या आजाराविषयी लिहीत आहोत, तो या आवरणात आणि त्याच्या आत साठणाऱ्या द्रवात सुरू होतो. म्हणूनच तो रूढ अर्थाने स्तनाचा कर्करोग नव्हे. तो टी-पेशींचा लिम्फोमा आहे.

सिलिकोनचे पहिले स्तनरोपण १९६२ साली अमेरिकेत, ह्यूस्टन येथे, क्रोनिन आणि जेरो या शल्यविशारदांनी केले. पिशवीभोवतीचे आवरण आकसून कठीण होते, ही तक्रार पुढे वारंवार येऊ लागली. तिच्यावरील तोड म्हणून पिशवीचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करण्यात आला. ॲलर्गन कंपनीच्या 'बायोसेल' या प्रकारात सिलिकोनच्या थरावर मिठाचे कण बसवून नंतर ते धुऊन काढीत. मागे उरत ती सूक्ष्म खळगी. एका अडचणीवरचा हा उपायच पुढे दुसऱ्या अडचणीचे मूळ ठरला.

१९९७ साली कीच आणि क्रीच यांनी अशा लिम्फोमाचा एक रुग्ण नोंदवला. एका रुग्णावरून काहीच सिद्ध होत नसते. निर्णायक पुरावा २००८ साली नेदरलंड्समधून आला. तेथील रोगनिदानाच्या देशव्यापी नोंदी चाळून संशोधकांनी १९९० ते २००६ या काळातील स्तनातल्या या विशिष्ट लिम्फोमाचे ११ रुग्ण शोधले. त्यांपैकी ५ स्त्रियांना रोपण केलेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, अन्य प्रकारचा लिम्फोमा असलेल्या ३५ स्त्रियांपैकी अवघ्या एकीला. हा शोध लागला तो जुन्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या म्हणून. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला तात्पुरते स्वतंत्र स्थान मिळाले, आणि जुलै २०१९ मध्ये बायोसेल रोपणे जगभरातून परत घेण्यात आली. तोवर जगात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांपैकी ४८१ रुग्णांमध्ये रोपण ॲलर्गनचे होते.

वस्तू आणि कर्करोग यांचे नाते ओळखण्याची दृष्टी आपल्याला परकी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाईंच्या सहकार्याने एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेशी घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यात आहे. रोगी काय नेसतो, काय चघळतो, विडी कशी ओढतो, हे प्रश्न त्यांनी निदानाइतकेच महत्त्वाचे मानले. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली, तिच्यामागेही नोंदीचे हेच महत्त्व होते.

आता आमच्या परिसराकडे येऊ. 'रिकॉल' हा शब्द पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये डिझेल इंजिनांच्या प्रदूषण चाचणीच्या प्रकरणात फोक्सवॅगन समूहाने भारतातील सुमारे ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. चाकणला बनलेल्या पोलो आणि व्हेंटो त्यांत होत्या. हे शक्य होते, कारण प्रत्येक गाडीला चासी क्रमांक असतो आणि मालकाचे नाव परिवहन कार्यालयात नोंदलेले असते. गाडी विकली गेली तरी माग राहतो.

शरीरात बसवलेल्या वस्तूचे काय होते, हे दुसऱ्या एका प्रकरणात दिसले. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये 'एएसआर' हे खुब्याचे धातूचे कृत्रिम सांधे जगभरातून परत घेतले. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये समोर आला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा माग लागलेला नव्हता. तीन लाखांवर गाड्यांच्या मालकांपर्यंत पोहोचण्याची वाट होती. पाच हजारांहून कमी माणसांपर्यंत पोहोचण्याची नव्हती. हे केवळ एका कंपनीच्या वर्तनाचे उदाहरण नाही. कोणती वस्तू नोंदण्यायोग्य मानायची, याविषयीच्या समाजाच्या निवडीचे ते उदाहरण आहे.

तेव्हापासून काही बदलले, हेही सांगितले पाहिजे. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे, आणि २०१७ चे उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. परंतु दुष्परिणामाची नोंद आणि रोपणाची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली अपघात झाल्यावर होते. दुसरी शस्त्रक्रियेच्या दिवशीच व्हावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलंड्स या देशांनी स्तनरोपणासाठी दुसऱ्या प्रकारची नोंदवही ठेवली आहे.

या नोंदीचे मोल कोणासाठी आहे? स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या आणि पुनर्रचनेसाठी रोपण स्वीकारलेल्या स्त्रीसाठी ते सर्वांत अधिक. हा लिम्फोमा विरळा आहे; तक्रार नसताना केवळ भीतीपोटी रोपण काढावे, असा सल्ला अमेरिकेच्या प्रशासनानेही दिलेला नाही. पण शस्त्रक्रियेनंतर बहुधा आठ-दहा वर्षांनी एका बाजूला अचानक सूज येते. तोवर शहर बदललेले असते, डॉक्टर बदललेले असतात. नव्या डॉक्टरांनी रोपणाविषयी विचारले, साठलेला द्रव तपासायला पाठवला, आणि आजार आवरणापुरता असतानाच रोपण आवरणासह काढले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. प्रश्न विचारलाच गेला नाही, तर ती सूज साधी म्हणून सोडून दिली जाऊ शकते.

रोपणाच्या वेष्टनात कंपनी, प्रकार आणि तुकडी क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णालयाच्या कागदांवर लागते, आणि तशीच रुग्णाच्या कार्डावरही लागली पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकांना जुन्या कागदांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एक पत्र किंवा एक तारीख हाती नसल्यामुळे काय काय हरवते, हे आपण जाणतो. घरात शस्त्रक्रियेची फाइल असेल, तर हे कार्ड तीत आहे का, ते आज पाहावे. नसल्यास रुग्णालयाकडून मागून घ्यावे. गाडीचे आरसी बुक आपण इतक्या काळजीने जपतो, तर या कार्डाला त्याच कप्प्यात जागा द्यायला हरकत नसावी.