पॅलेस थिएटर ते संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह : कोल्हापूरच्या वास्तूला गायकाचं नाव कसं मिळालं? गावात असं नाव द्यायचं तर काय करावं?

गावात नवं सभागृह, वाचनालय किंवा समाजमंदिर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो तो नावाचा. कुणी देवाचं नाव सुचवतं, कुणी पुढाऱ्याचं. पण गावात कधी एखादा भजनी बुवा, शाहीर, तमाशातला गायक किंवा सनईवाला होऊन गेलेला असतो आणि त्याच्या नावाने पंचक्रोशी गावाला ओळखत असते. त्याचं नाव इमारतीला द्यावं, असं अनेकांच्या मनात येतं. ते कसं द्यायचं आणि दिलेलं नाव टिकवायचं कसं, यासाठी कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची माहिती उपयोगी पडेल.

वास्तू कुणी बांधली?

हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपात गेले होते. रोममधलं जुनं क्रीडागार पाहून त्यांना कोल्हापुरात कुस्तीचं मोठं मैदान करण्याची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. त्यातून १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात नाटकाचं थिएटर बांधलं गेलं.

एका बाजूला तांबड्या मातीचा आखाडा आणि दुसऱ्या बाजूला रंगमंच, अशी ही जोडी आहे. मल्ल आणि कलावंत या दोघांनाही महाराजांचा आश्रय होता, हे त्या जागेवर उभं राहिलं की कळतं.

थिएटर बांधलं राजाने, पण त्याला स्वतःचं नाव दिलं नाही. त्या वेळी त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. पुढे चार दशकं तेच नाव चाललं.

केशवराव भोसले कोण होते?

केशवराव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. शाळेत जायच्या वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. लहान केशवची 'संगीत शारदा' नाटकातली शारदा लोकांना इतकी आवडली की त्याचं नाव गावोगाव पोहोचलं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि ती भूमिका करणारा स्वतःच पोरवयाचा होता.

१९०८ साली, म्हणजे वयाची अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, केशवरावांनी हुबळीत स्वतःची कंपनी काढली. तिचं नाव ललितकलादर्श नाटक मंडळी. आज ज्या वयात पोरं बारावीचा निकाल बघतात, त्या वयात त्यांच्यावर अख्ख्या बिऱ्हाडाची जबाबदारी होती : नट, वादक, पडदे, कपडेपट, बैलगाडी-रेल्वेचा प्रवास आणि सगळ्यांचं जेवणखाण.

केशवरावांचा आवाज पल्लेदार आणि तडफदार होता. तेव्हा माईक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत गाणं पोहोचवायचं ते गळ्याच्या जोरावरच. म्हणूनच लोकांनी त्यांना 'संगीतसूर्य' म्हटलं.

ते नुसते गायक नव्हते. हुंड्याच्या प्रश्नावरचं 'हाच मुलाचा बाप' आणि धर्मांतराचा विषय मांडणारं 'संन्याशाचा संसार' ही मामा वरेरकरांची नाटकं त्यांच्या कंपनीने रंगभूमीवर आणली. मराठी रंगमंचावर मखमली पडदा आणण्याचं श्रेयही केशवरावांना दिलं जातं.

८ जुलै १९२१ : संयुक्त मानापमान

केशवरावांचं नाव निघालं की या प्रयोगाची आठवण निघतेच. त्या काळी मराठी मुलखात दोन नावं गाजत होती, बालगंधर्व आणि केशवराव. दोघांच्या कंपन्या वेगळ्या आणि दोघांचे चाहतेही वेगळे. कोण मोठा यावर लोकांत वाद रंगायचे.

टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता. त्यासाठी दोघं एकत्र आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. या प्रयोगाबद्दल आज शंभर वर्षांनंतरही बोललं जातं.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचं निधन झालं. वय अवघं ३१. कंपनी मात्र थांबली नाही. बापूराव पेंढारकर आणि त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्श पुढे चालवली.

नाव कधी बदललं?

१९५७ साली पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचं नाव देण्यात आलं. तोपर्यंत केशवरावांना जाऊन ३६ वर्षं झाली होती. संस्थान विलीन झालं होतं, राजवाड्याचा कारभार संपला होता. सत्ता, पैसा किंवा पद यांपैकी काहीही मागे नसलेल्या, गरीब घरातल्या गावच्या पोराचं नाव शहराने आपल्या सगळ्यात मोठ्या रंगमंचाला दिलं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घाईने दिलेलं हे नाव नव्हतं. ३६ वर्षांनीही लोकांना ते गाणं आठवत होतं, हीच त्याची पावती. दुसरं असं की नाव आणि वास्तूचं काम यांचा मेळ होता. नाटकवाल्याचं नाव नाटकाच्या घराला मिळालं. इथे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक कलावंताच्या तोंडी ते आपोआप येत राहिलं.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र

गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री नाट्यगृहाला भीषण आग लागली. रंगमंच, छत आणि प्रेक्षागृह जळून गेलं. दर्शनी दगडी भाग तेवढा उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्या दिवशी त्यांच्या नावाने रंगमंचाची पूजा व्हायची, त्या दिवशी कलावंत राखेपुढे उभे होते. अनेकांना रडू आवरलं नाही.

हे नाट्यगृह कोल्हापूर महानगरपालिकेचं आहे. आगीनंतर ते होतं तसंच पुन्हा उभं करावं अशी मागणी झाली आणि राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. नव्या बांधकामाला नवं नाव द्यावं, असा सूर मात्र लागला नाही. इमारत जळाली तरी केशवरावांचं नाव लोकांच्या मनात पक्कं होतं.

इतर ठिकाणी काय झालं?

*पुणे :* बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा, सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचा. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. १९६७ साली ते गेले, आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिराचं उद्घाटन झालं. हयातीत सन्मान मिळालेले थोडेच, त्यांपैकी हे एक. मिरजेतही बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

*पणजी :* गोव्यातल्या मंगेशी गावचे मास्टर दीनानाथ. गावावरूनच त्यांनी मंगेशकर हे आडनाव लावलं. पणजीच्या कला अकादमीतल्या मुख्य नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. मुंबईत विलेपार्ल्यातही त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

*भाईंदर :* इथल्या सरकारी रुग्णालयाला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांचं नाव आहे. पण बरेच लोक अजूनही त्याला 'टेंबा रुग्णालय' म्हणूनच ओळखतात. गायकाचं नाव दवाखान्याला देऊ नये असं नाही. मात्र तिथे गाणं नसतं, त्यामुळे हे भीमसेन कोण, हे नव्या पिढीला वेगळं सांगावं लागतं.

गावात नाव द्यायचं असेल तर

१. *आधी मालकी पाहा.* इमारत ग्रामपंचायतीची आहे, जिल्हा परिषदेची, नगरपंचायतीची की एखाद्या ट्रस्टची? ज्याची मालकी, त्याच्याकडे प्रस्ताव जातो. शाळा आणि आरोग्य केंद्र गावात असलं तरी ते बहुतेक वेळा जिल्हा परिषदेचं असतं. तिथे नुसता गावचा ठराव पुरत नाही. वरच्या कार्यालयाची मान्यता लागते का, हे ग्रामसेवकांना (आता पद 'ग्रामपंचायत अधिकारी') आधीच विचारून घ्या.

२. *विषय ग्रामसभेत घ्या.* नामकरणाचा विषय अजेंड्यावर यावा म्हणून सरपंचांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. पारावर बसून 'ठरलं बरं का' म्हटल्याने ठराव होत नाही. ठरावाला सूचक-अनुमोदक हवेत आणि तो प्रोसिडिंग बुकात लिहिला गेला पाहिजे.

३. *घरच्यांना विचारा.* कलावंताच्या वारसांची संमती लेखी घ्या. नाव कसं लिहायचं, आधी 'शाहीर' लावायचं की 'ह.भ.प.', हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. फलकावर चुकलेलं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं.

४. *जुनं नाव तपासा.* इमारतीला आधी कुणाचं नाव आहे का? जागा कुणी दान दिली होती का? त्या घराला न विचारता नाव बदललं तर सन्मानाऐवजी भांडण पदरात पडतं. दान देणाऱ्याची नोंद वेगळ्या फलकावर ठेवता येते.

५. *मेळ बघा.* कलावंताचं नाव शक्यतो अशा जागेला द्या, जिथे लोक जमतात आणि कला सादर होते. सभागृह, खुला रंगमंच, वाचनालय, भजनी मंडळाची खोली. ते नाव बस स्टँडच्या शौचालयाशेजारच्या गाळ्यावर लावून कुणाचाच मान वाढत नाही.

६. *फलकावर माहिती द्या.* नुसतं नाव लिहू नका. जन्म-मृत्यूचं साल, कोणती कला, कोणत्या फडात किंवा मंडळीत काम केलं, हे चार ओळींत लिहा. जमलं तर फोटो लावा. जुन्या रेकॉर्डिंगची कॅसेट कुणाकडे असेल तर ती मोबाईलमध्ये उतरवून ग्रामपंचायतीकडे एक प्रत ठेवा. कॅसेटची फीत खराब होते, मग तो आवाज परत मिळत नाही.

७. *वर्षातून एक कार्यक्रम ठरवा.* जयंतीला किंवा पुण्यतिथीला गावातल्या पोरांचं गाणं-वादन ठेवा. हे ठरावातच लिहून घेतलं तर सरपंच बदलला तरी प्रथा मोडत नाही.

८. *देखभाल आणि आगीची काळजी.* वायरिंग, पडदे, लाकडी रंगमंच आणि साठवलेलं सामान ही आगीला निमंत्रण देणारी ठिकाणं. अग्निशमन नळकांडी मुदतीत भरून घ्या, बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवा, कार्यक्रम संपला की मेन स्विच बंद करा.

नाव द्यायचं म्हणजे काय?

आपल्या अनेक गावांत कलावंताच्या नावाची कमान किंवा सभागृह असतं, पण आत ग्रामपंचायतीच्या जुन्या खुर्च्या आणि सिमेंटची पोती भरलेली असतात. फलकाचा रंग उडालेला असतो. पोरांना विचारलं तर 'कुणीतरी होते' एवढंच सांगतात. असा सन्मान उद्घाटनाच्या दिवशी सुरू होतो आणि त्याच दिवशी संपतो.

कोल्हापुरात तसं झालं नाही, कारण त्या रंगमंचावर पिढ्यानपिढ्या नाटकं होत राहिली. तालमी झाल्या, शाळांची गॅदरिंग झाली, गावाकडच्या हौशी नटांनी पहिल्यांदा तिथेच तोंडाला रंग लावला. त्या नटांना केशवराव पाहायला मिळाले नव्हते, पण त्यांच्या नावाच्या रंगमंचावर पाय ठेवताना ते आधी वाकून नमस्कार करत.

गावातल्या शाहिराचं किंवा बुवांचं नाव सभागृहाला द्यायचं ठरलं, तर ठरावाच्या कागदाबरोबर सभागृहाची किल्ली कुणाकडे राहील आणि गाण्या-भजनाला ते कोणत्या दिवशी उघडेल, हेही त्याच ग्रामसभेत ठरवून घ्या.