बैरंग खताची कहाणी

उर्दूत ‘बैरंग लौटना’ असा एक मुहावरा आहे. रिकाम्या हाताने परत येणे, हा त्याचा अर्थ शाळेतली मुलेही सांगतात. पण शब्द आला कुठून असे विचारले की ‘बे’ म्हणजे विना आणि ‘रंग’ म्हणजे रंग, अशी फोड केली जाते. वास्तविक हा शब्द फारसी नाहीच. टपाल खात्यातल्या ‘बेअरिंग’ या इंग्रजी शब्दाने घातलेला तो उर्दू पेहराव आहे. ज्या पत्राचे हशील पाठवणाऱ्याने भरलेले नाही, ते बेअरिंग. मराठीत त्यालाच ‘नॉटपेड’ म्हणत.

1837च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा मक्ता कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला. तेव्हा हशील अंतरावर आणि वजनावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्राला एक रुपया पडे. तिकिटे नव्हती. पैसे रोख भरावे लागत, नाहीतर ते पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत. रोख भरण्यात धोका होता. कारकुनाने पैसे खिशात घालून पत्र फाडून टाकले, तर दाद कुठे मागणार? बैरंग पत्राचे पैसे मात्र ते पोहोचल्यावरच हाती येत, म्हणून ते पोहोचवणे खात्यालाच भाग पडे. त्यामुळे लोकांचा भरवसा बैरंग पत्रावर अधिक होता. मिर्झा गालिब यांच्या उर्दू पत्रांतही बैरंगचा उल्लेख वारंवार येतो.

1 ऑक्टोबर 1854 पासून चित्र पालटले. देशभर एकच दर आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा. तिकीट लावले की काम झाले. तिकीट न लावलेल्या पत्राला मात्र दुप्पट हशील पडू लागले. बैरंग पाठवणे ही आजवर खबरदारी होती, ती आता कसूर ठरली.

पुढे 1898च्या भारतीय टपाल कायद्यात हा हिशेब पक्का झाला. तिकीट मुळीच नसेल तर हशिलाच्या दुप्पट, कमी असेल तर जेवढी तूट तेवढ्याच्या दुप्पट. हे पैसे आधी घेणाऱ्याने द्यायचे. त्याने पत्र न उघडता नाकारले, तो मयत असला किंवा सापडला नाही, तर बोजा पाठवणाऱ्यावर येई. एखाद्याला केवळ छळण्यासाठी बैरंग पत्र धाडल्याची अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर हशील माफ करण्याची सोयही त्यात होती. म्हणजे तसे छळणारेही असणार!

परदेशच्या टपालाचा नियम वेगळा होता. 1876 साली हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाला. कमी तिकिटाच्या पाकिटावर ‘टी’ या रोमन अक्षराचा शिक्का बसे. फ्रेंच भाषेतल्या ‘तॅक्स’ या शब्दाचे ते आद्याक्षर. कोकणातली आपली माणसे बोटीवर, आफ्रिकेत, पुढे आखातात गेली. घरी मागे राहिलेल्या बाईला तो शिक्का वाचता येवो न येवो, पोस्टमनने मागितलेला आकडा मात्र कळत असे. चुलीपुढचे पैसे मोडून पाकीट सोडवायचे, की ते न उघडताच परत पाठवायचे? आत खुशाली आहे की मौत की खबर, हे पैसे मोजल्याशिवाय कळणार नव्हते. वजनाचा अंदाज चुके पाठवणाऱ्याचा, आणि दुप्पट भुर्दंड बसे ज्याच्यापाशी सर्वांत कमी त्याला. कायद्याला वसुली हवी होती, आणि घेणाऱ्याचे दार सापडणे सर्वांत सोपे होते.

1898चा तो कायदा जाऊन त्या जागी 2023चा टपाल कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला. घरची खुशाली आता फोनवर कळते. शब्द मात्र भाषेत राहिला, आणि त्याचा अर्थही किती नेमका राहिला पाहा. बैरंग लौटना म्हणजे नुसते परत येणे नव्हे. दारापर्यंत पोहोचून, न उघडता परत येणे. वर्गात हा मुहावरा शिकवताना त्यामागचे ते दार आणि दारातली ती बाईही मुलांना सांगायला हवी.