उडव्यांची आग आणि मातीचा बांध

१९३७ ते १९४७ या काळात जपानमधील पाचवीच्या मुलांना भाषेच्या पुस्तकात एक धडा होता. त्या वेळी देशभर एकच सरकारी पाठ्यपुस्तक चालत असे. त्यामुळे एका संपूर्ण पिढीने तो वाचला. धड्याचे नाव ‘इनामुरा नो हि’. गोष्ट थोडक्यात अशी: टेकडीवर राहणाऱ्या गोहेई नावाच्या म्हाताऱ्याला एक संथ, लांबलेला भूकंप जाणवतो. खाली गावात सणाची गडबड चाललेली असते. समुद्राचे पाणी मागे हटताना त्याला दिसते. धावत जाऊन सांगायला वेळ नसतो, म्हणून तो नुकत्याच कापलेल्या आपल्या भाताच्या उडव्या पेटवून देतो. आग विझवायला सारा गाव टेकडीवर धावतो आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीतून वाचतो.

या गोष्टीमागचे गाव खरोखरच आहे. जपानच्या की द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाकायामा प्रांतात हिरोगावा नावाचे सुमारे सात हजार वस्तीचे लहानसे नगर आहे. पूर्वीचे हिरो गाव आता त्याचाच एक भाग आहे. गोष्टीतला नायकही खरा. त्याचे नाव हामागुची गोर्यो. मात्र गोष्ट आणि इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर काही महत्त्वाचे फरक दिसतात.

गोर्यो म्हातारा नव्हता. त्याचा जन्म १८२० सालचा, म्हणजे घटनेच्या वेळी तो पस्तिशीच्या आतबाहेर होता. सोया सॉस बनवणाऱ्या व्यापारी घराण्याचा तो प्रमुख होता. त्याचा कारखाना दूर पूर्वेला, चोशी येथे होता आणि घर टेकडीवर नव्हे, गावातच होते. २३ डिसेंबर १८५४ रोजी मोठा भूकंप झाला. समुद्र खवळलेला पाहून गावकऱ्यांनी ती रात्र उंचावरील हाचिमान देवळाच्या आवारात काढली आणि दुसऱ्या दिवशी ते घरी परतले. २४ तारखेला दुपारी चारच्या सुमारास दुसरा, अधिक जोराचा धक्का बसला आणि नंतर त्सुनामी गावात शिरली. गोर्यो स्वतः पाण्यात सापडला, पण कसाबसा वर आला. तोवर अंधार पडला होता. वाहून गेलेल्या माणसांना वाट दिसत नव्हती. तेव्हा त्याने शेतातल्या गंज्या पेटवायला लावल्या. त्या उजेडाच्या रोखाने माणसे देवळाकडे पोचली.

म्हणजे गोष्टीतली आग त्सुनामीच्या आधी लागते आणि ती इशारा असते. इतिहासातली आग पहिल्या लाटेनंतरची आणि वाट दाखवणारी होती. पेटल्या त्याही न झोडलेल्या भाताच्या उडव्या नव्हत्या, तर झोडून उरलेल्या पेंढ्याच्या गंज्या होत्या. गावाची वस्ती तेराशे-चौदाशेच्या घरात होती. त्यांपैकी तीसच्या आसपास माणसे दगावली.

मग गोष्ट बदलली कुठे? १५ जून १८९६ रोजी ईशान्य जपानच्या सानरिकु किनाऱ्यावर त्सुनामी येऊन सुमारे २२,००० माणसे मेली. जपानमध्ये स्थायिक झालेला लेखक लाफ्काडिओ हर्न याने १८९७ मध्ये गोर्योची कथा इंग्रजीत लिहिली, तेव्हा त्याने हिरो गावाच्या प्रसंगात सानरिकुचा भूकंप मिसळला. सानरिकुचा धक्का खरोखरच सौम्य आणि लांबलेला होता. म्हणून तर लोक बेसावध राहिले. पुढे शाळाशिक्षक असलेल्या नाकाई त्सुनेझो यांनी हर्नची कथा मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिली. १९३४ मध्ये शिक्षण खात्याने पाठ्यपुस्तकासाठी मजकूर मागवला, तेव्हा त्यांनी ती पाठवली आणि ती निवडली गेली.

विज्ञान शिकवणाऱ्याने येथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. ‘पाणी आधी मागे हटते’ ही खूण गोष्टीमुळे मनात पक्की बसते. पण ती नेहमीच खरी नसते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना वरच्या पट्टाचा काठ अडकून राहतो. ताण असह्य झाला की तो एकदम सुटतो. त्या वेळी समुद्रतळ काही ठिकाणी उचलला जातो, तर काही ठिकाणी खचतो. खचलेल्या बाजूच्या किनाऱ्यावर पाणी आधी ओसरते. उचललेल्या बाजूच्या किनाऱ्यावर मात्र आधी भरतीच येऊ शकते. पाणी ओसरण्याची वाट पाहणाऱ्याला तेथे इशारा मिळणारच नाही. त्याचप्रमाणे धक्का सौम्य म्हणून त्सुनामी लहान, असेही म्हणता येत नाही. हिरोचा जोराचा धक्का आणि सानरिकुचा सौम्य पण लांबलेला धक्का, दोन्ही खरे. समुद्रकाठी जोराचा किंवा बराच वेळ चालणारा भूकंप जाणवला, तर समुद्राकडे न पाहता उंच जागी जायचे, हा दोन्हींमधून निघणारा धडा आहे.

गोर्योचे खरे मोठे काम मात्र आग विझल्यावर सुरू झाले आणि जुन्या धड्यात ते नव्हते. सव्वाशे घरे समूळ वाहून गेली होती. होड्या आणि अवजारे गेली होती. लोक गाव सोडून जाऊ लागले होते. नुसते धान्य वाटून गाव टिकणार नाही हे गोर्योने ओळखले. १८५५ च्या फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या पैशातून समुद्राकाठी बांध घालायला घेतला आणि कामावर येणाऱ्या गावकऱ्यांना मजुरी दिली. काम सुमारे चार वर्षे चालले. १८५८ च्या अखेरीस बांध पुरा झाला: लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर, पायाशी रुंदी २० मीटर. त्यासाठी सुमारे ५६,७०० मनुष्यदिवस लागले. समुद्राच्या बाजूला पाइनची आणि आतल्या बाजूला मेण देणारी हाझेची झाडे लावली. कृतज्ञ गावकरी त्याचे देऊळ बांधायला निघाले, पण त्याने ते होऊ दिले नाही.

या बांधाची परीक्षा २१ डिसेंबर १९४६ रोजी झाली. गोर्यो जाऊन तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. त्याच नानकाई खंदकात पुन्हा भूकंप झाला आणि सुमारे ४ मीटर उंचीची त्सुनामी आली. बांधामागचे जुने गाव बहुतांशी वाचले. पण मधल्या काळात वस्ती बांधाच्या आडोशाबाहेरच्या सखल भागात पसरली होती. पाणी तिकडून शिरले आणि २२ माणसे मेली. बांध जिथे संपतो तिथे त्याचे संरक्षणही संपते. शिवाय प्रत्येक बांध पूर्वी पाहिलेल्या लाटेच्या मापाने बांधलेला असतो. ११ मार्च २०११ रोजी सानरिकु किनाऱ्यावरील तारो गावाची १० मीटर उंचीची भिंत त्सुनामीने ओलांडली.

योगायोग असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानच्या पाचवीच्या एका पाठ्यपुस्तकात गोर्यो परत आला, आणि या वेळच्या धड्यात बांधाची हकीगतही होती. डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. २४ डिसेंबर १८५४ हा दिवस जपानच्या जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे अकराव्या महिन्याची पाचवी तारीख होता, म्हणून ही तारीख.

हिरोगावात १९०३ पासून दर नोव्हेंबरला त्सुनामी उत्सव होतो. त्यात शाळेतली मुले आणि गावकरी बांधावर नवी माती आणून टाकतात. मातीचा बांध पावसापाण्याने झिजतो, दरवर्षी त्याला भर घालावी लागते. आपल्या वर्गात ही हकीगत सांगताना आधी जुनी गोष्ट सांगावी, मग घडलेली घटना सांगावी आणि दोहोंतले फरक मुलांनाच शोधायला लावावेत. फळ्यावर दोन रकाने आखले की पुरे. शेवटी एवढेच विचारावे: गोर्योने आग लावली नसती तर काय झाले असते, आणि बांध घातला नसता तर काय झाले असते?