खिडकीतल्या एसीचा आवाज : म्हसा-मुरबाड परिसरातील गारव्याचा इतिहास

खिडकीत बसणारा एसी म्हणजे एकाच पत्र्याच्या पेटीत बसवलेले संपूर्ण शीतयंत्र. कॉम्प्रेसर, थंड होणारे कॉइल, गरम होणारे कॉइल, दोन पंखे आणि ते फिरवणारी मोटर असा सगळा संसार त्या पेटीत असतो, आणि पेटीचा अर्धा भाग खोलीच्या आत डोकावतो. त्यामुळे गारव्याबरोबर यंत्राचा आवाजही खोलीत येतो. शांत एसी कोणता, हा आज झोपण्याच्या खोलीसाठी किंवा कचेरीसाठी विचारला जाणारा प्रश्न या रचनेतून निघाला आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाच्या आसपास, हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी कुणाला पडण्याचे कारण नव्हते. तो कसा उभा राहिला, हे घरे, वीज आणि कारखाने या तिन्हींच्या इतिहासातून कळते.

पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची यात्रा बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. थंडीच्या त्या दिवसांत तिथे घोंगड्या-ब्लँकेटांचीही विक्री होते. म्हणजे थंडीपासून बचावाचे साधन बाजारातून विकत आणले जाई. उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी मात्र बाजार गाठावा लागत नसे. ते काम घर करत असे. गोरखगड-सिद्धगडाच्या उतारांवर माजणारी कारवी तोडून, तिच्या काठ्या उभ्या बांधून कूड घातला जाई आणि त्यावर दोन्ही अंगांनी माती-शेणाचा गिलावा चढे. वर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे जाड छप्पर असे आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. पेंढ्यात अडकलेली हवा उन्हाला खाली उतरू देत नसे. कुडाची भिंत पातळ असल्याने दिवसभराची उष्णता साठवून ठेवत नसे आणि सूर्य मावळल्यावर घर लवकर निवत असे. पुढच्या पडवीमुळे ऊन थेट भिंतीवर पडत नसे. या घराचे तोटेही होते. आत अंधार असे, दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे आणि आगीची धास्ती कायमची. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. ऐपतदारांच्या घरांवरचा पेंढा गेला, तरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निसटत राहिली.

हवामानानेही साधनांची निवड ठरवली. विदर्भात उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की दारावर वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारले की आत येणारा वारा लगेच गार होतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते, हे त्यामागचे तत्त्व. नागपुरी कूलर त्याच तत्त्वावर चालतो. कोकणपट्टीतली हवा आधीच दमट असल्याने पाण्याची वाफ मंदावते आणि ताटीचा उपयोग उणावतो. मुरबाड-शहापूरचा पट्टा या दोन्हींच्या मधला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून आत असल्याने खारे वारे इथे उशिरा आणि अशक्त होऊन पोहोचतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि मेअखेरीस हवा दमट झाली की कूलर निकामी होतो. माठातले पाणी, ओट्यावरची झोप आणि हातातला विंझणा एवढ्यावर उन्हाळा निभावला जाई.

मुंबईच्या इंग्रजी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत याच काळात छताला टांगलेला झालरीचा पंखा होता. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई आणि व्हरांड्यात बसलेला पंखेवाला ती तासन्‌तास ओढत राही. वारा आत घ्यायचा आणि श्रम करणारा भिंतीपलीकडे बसवायचा, ही व्यवस्था यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीची आहे. दोरीची कप्पी मात्र कुरकुरत असेच.

एकोणिसाव्या शतकात गारवा जहाजातूनही आला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ भुशात बांधून कलकत्त्याला धाडला. निघताना सुमारे 180 टन असलेल्या बर्फापैकी 100 टनांच्या आसपास बर्फ पोहोचला. मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि तो साठवण्यासाठी कोटात बर्फघर उभे राहिले. यंत्रावर बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार आटला, पण मोजमापात बर्फ टिकून राहिला. एसीचा टन हे वजन नसून गारव्याचा वेग आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. ही क्षमता तासाला 12,000 बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट भरते.

यांत्रिक वातानुकूलनाची सुरुवात माणसाच्या आरामासाठी झाली नाही. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून जमशेटजी टाटांच्या नागपूर येथील एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली गेली. ही गिरणी 1877 मध्ये सुरू झाली होती. 1902 मध्ये विलिस कॅरिअर याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई सरकत होती. माणसांच्या वाट्याला गारवा आला तो आधी सार्वजनिक जागांत. मुंबईत 1933 मध्ये उघडलेले रीगल आणि 1938 मधले मेट्रो ही चित्रपटगृहे वातानुकूलित होती. 1934 मध्ये फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. त्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा खेळवली जाई आणि वाटेतल्या स्थानकांवर लाद्या बदलल्या जात. चित्रपटगृहातली मोठी यंत्रे प्रेक्षकांपासून दूर, वेगळ्या खोलीत असत. त्यामुळे गारव्याबरोबर येणारा आवाज हा अजून कुणाच्या तक्रारीचा विषय झाला नव्हता.

तो झाला यंत्र लहान झाल्यावर. 1930 च्या सुमारास अमेरिकेत फ्रिऑन हा न पेटणारा वायू शीतयंत्रांसाठी वापरात आला आणि शीतयंत्र घरात ठेवणे सुरक्षित ठरले. त्याच दशकात खिडकीत बसणारे एसी तयार झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत झपाट्याने खपू लागले. पेटी खिडकीत ठेवायची, पिन सॉकेटात घालायची, की काम झाले. नळ्या नकोत, की यंत्रासाठी वेगळी खोली नको. या सोयीची किंमत म्हणजे कॉम्प्रेसर थेट खोलीच्या तोंडाशी येऊन बसला.

भारतात हा उद्योग रुजला तो मुंबईत आणि वाढला ठाण्यात. मोहन अडवाणी यांनी 1943 मध्ये मुंबईत ब्लू स्टार सुरू केली. 1954 मध्ये टाटा सन्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास उभी राहिली. फोल्कार्ट ही 1851 पासून मुंबईत कापसाचा व्यापार करणारी स्विस पेढी होती. पुढे दोन्ही कंपन्यांचे कारखाने ठाण्याच्या पोखरण रस्त्यावर आले. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वागळे इस्टेट विकसित केली आणि ठाणे हे कारखान्यांचे शहर झाले. यथावकाश ब्लू स्टारचा एक कारखाना वाड्यातही सुरू झाला. वाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. ज्या जिल्ह्यात ही यंत्रे तयार होत होती, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत ती चालवण्याइतकी वीज मात्र बराच काळ नव्हती.

विजेची ही विसंगती जुनी आहे. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले आणि म्हशाच्या दक्षिणेला, कर्जत तालुक्यात, भिवपुरीचे केंद्र 1922 मध्ये. ही वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. आसपासच्या खेड्यांत दिवे लागले ते 1960 मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत, तेही टप्प्याटप्प्याने. वीज आली तरी तिचा दाब पुरेसा नसे. कमी दाबावर कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता हुंकारतो आणि जळण्याची भीती असते. म्हणून एसीबरोबर स्टॅबिलायझर आला. दाब खालीवर झाला की त्यातला रिले टक् करून वाजतो, आणि रात्रीच्या शांततेत ही टकटक एसीच्या घरघरीइतकीच झोपमोड करते. 2005 च्या आगेमागे राज्यभर भारनियमनाचे तास वाढले तेव्हा ग्रामीण भागात एसीपेक्षा इन्व्हर्टर-बॅटरीवरचा पंखा अधिक कामाचा होता.

मागणी वाढवली ती बदललेल्या घरांनी. मुरबाडला औद्योगिक वसाहत झाली, कल्याणकडची ये-जा वाढली आणि कुडाच्या जागी विटांच्या भिंती, सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा आला. आगीची भीती गेली, शाकारणी सुटली. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. पत्रा तर दुपारी थेट डोक्यावर आग ओकतो. जे काम पेंढ्याचे छप्पर गुपचूप करत होते, ते आता यंत्राला करावे लागते. छताखाली थर्माकोल किंवा लाकडी पाट्यांची आडछत घातली, स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला, की यंत्राचे ओझे उतरते. हे न करता पत्र्याखाली बसवलेला कितीही भारी एसी शांत राहू शकत नाही, कारण त्याला थांबायला उसंतच मिळत नाही.

आवाज नेमका येतो कुठून, हे पेटी उघडल्यावर समजते. सर्वांत मोठा वाटा कॉम्प्रेसरचा. जुन्या एसीत दट्ट्या मागेपुढे करणारा कॉम्प्रेसर असे; त्याचे हादरे पत्र्यात, चौकटीत आणि तिथून भिंतीत उतरत. गोल फिरणारा रोटरी कॉम्प्रेसर आल्यावर हादरे कमी झाले. दुसरा वाटा हवेचा: आतला ब्लोअर आणि बाहेरचा पंखा बहुधा एकाच मोटरच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे बाहेरच्या पंख्याला लागणारा वेग आतल्या ब्लोअरलाही घ्यावा लागतो. तिसरा आवाज पाण्याचा. थंड कॉइलवर जमलेले पाणी मागच्या तबकात जाते आणि बऱ्याच एसींत पंख्याच्या पात्यांवरची कडी ते उडवून गरम कॉइलवर मारते. त्याने वीज वाचते, पण दमट दिवसांत छपछप ऐकू येते. चौथा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा आवाज बसवण्यातला: ढिली लाकडी फ्रेम, निसटलेले स्क्रू, खडखडणारी ग्रिल आणि फटींत न भरलेले फोम.

स्प्लिट एसीने कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे नेला आणि पंखेवाल्याची जुनी व्यवस्था वेगळ्या रूपात परत आली. आवाज घरमालकाच्या खोलीतून उठून शेजाऱ्याच्या खिडकीपाशी गेला. शहरांत स्प्लिटने बाजार काबीज केला. तरीही खिडकीतला एसी टिकला, कारण तो स्वस्त पडतो, भाड्याच्या खोलीतून काढून नेता येतो, दुरुस्तीला सोपा असतो आणि जुन्या कचेऱ्यांच्या भिंतींत त्याचे गाळे तयार आहेत.

सरकारी नियमांचा भर आधी विजेवर राहिला. 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, 2006 मध्ये ताऱ्यांची लेबले सुरू झाली आणि पुढे ती एसींना सक्तीची झाली. 2018 पासून तारे हंगामभराच्या कार्यक्षमतेवरून ठरू लागले आणि 1 जानेवारी 2020 पासून नवे एसी सुरू होताना आपोआप 24 अंशांवर येतात. ताऱ्यांचा आवाजाशी थेट संबंध नाही. पाच ताऱ्यांचा एसीही घरघरू शकतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठरवली, ती घराबाहेरच्या आवाजासाठी. तुलनेला मात्र ती उपयोगी आहे. खिडकीतल्या एसींचा आवाज साधारणपणे 50 ते 60 डेसिबलच्या दरम्यान असतो. डेसिबलची चढण सरळ नसते. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणून माहितीपत्रकातला तीन-चार डेसिबलचा फरकही किरकोळ मानता येत नाही. मात्र दिलेला आकडा पंख्याच्या कोणत्या वेगाचा आहे, हे पाहावे लागते, कारण बहुधा सर्वांत मंद वेगाचाच आकडा ठळक छापला जातो.

निवडीचे निकष या इतिहासातूनच निघतात. सुमारे 120 चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि 180 चौरस फुटांपर्यंत दीड टन हा रूढ हिशेब आहे. वर उघडा स्लॅब असेल तर तो वाढतो. यंत्र लहान पडले तर अखंड धावते, फार मोठे झाले तर वारंवार चालू-बंद होते. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, पण दर दहा मिनिटांनी दणका देत सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरची होत नाही. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर बंद न होता मंदावतो, म्हणून झोपण्याच्या खोलीसाठी तो बरा. कचेरीत माणसे, संगणक आणि उघडझाप होणारे दार यांचा भार जास्त असतो, पण दिवसाच्या गजबजीत थोडा आवाज खपून जातो. तिथे क्षमतेला आधी महत्त्व. बसवताना फ्रेम भिंतीत पक्की, पेटीखाली रबर, चारी फटींत फोम आणि पेटीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, एवढे सांभाळले तर साधा एसीही बराच शांत होतो. पलंगाचे डोके त्या खिडकीपासून दूर ठेवणे आणि उन्हाळ्यापूर्वी जाळी-कॉइल धुऊन घेणे यांना तर खर्चही फारसा येत नाही.