स्लाइड-चित्रांचे पिक्सेलमाप

सादरीकरणातील स्लाइड पीएनजी वा जेपीईजी स्वरूपात जतन केल्यावर मिळणाऱ्या चित्राची पिक्सेलमधील रुंदी व उंची म्हणजे त्या चित्राचे पिक्सेलमाप होय. स्लाइडचा इंचांतील आकार आणि दर इंचास धरलेले पिक्सेल यांच्या गुणाकारातून ते ठरते. विंडोजवरील पॉवरपॉइंट मुळात दर इंचास ९६ पिक्सेल धरते. त्यामुळे १३.३३३ × ७.५ इंचांच्या रुंद स्लाइडचे चित्र १२८० × ७२० पिक्सेलचे, तर १० × ७.५ इंचांच्या जुन्या पद्धतीच्या स्लाइडचे ९६० × ७२० पिक्सेलचे होते.

देवनागरी मजकुरास हे माप अनेकदा अपुरे पडते. अमरावती जिल्ह्यातील १४ तालुक्यांची यादी १८ पॉइंट अक्षरांत एका स्लाइडवर मांडल्यास मूळ मापात अक्षराचा आकार अवघा २४ पिक्सेल भरतो. अंजनगाव सुर्जी व चांदूर बाजार या नावांतील अनुस्वारांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन पिक्सेल येतात. ‘वरूड’ लिहिले आहे की ‘वरुड’, हे तर चित्र छापल्यावर सांगणे कठीण. शुद्धलेखन तपासणाऱ्याची इथे पंचाईतच होते. दर इंचास ३०० पिक्सेल धरल्यास तेच अक्षर ७५ पिक्सेलचे आणि चित्र ४००० × २२५० पिक्सेलचे होते. आडव्या ए-४ कागदावरील छपाईस ते पुरते. पिक्सेलांची एकूण संख्या मात्र सुमारे पावणेदहा पट होते व फाइलही मोठी होते.

माप बदलण्याची पद्धत

पॉवरपॉइंट बंद करून विंडोजच्या रजिस्ट्रीत, चालू वापरकर्त्याच्या विभागातील पॉवरपॉइंटच्या ‘ऑप्शन्स’ या नोंदीखाली ‘एक्सपोर्टबिटमॅपरेझोल्यूशन’ हे डीवर्ड मूल्य तयार करावे (नाव इंग्रजीत, सलग लिहावे) आणि दशमान पद्धतीने ३०० भरावे. रजिस्ट्रीतील चुकीचा बदल संगणकास बाधक ठरू शकतो, म्हणून आधी तिची प्रत ठेवावी. मॅक्रोतील ‘एक्सपोर्ट’ आज्ञेस रुंदी-उंची थेट पिक्सेलमध्ये देता येते. त्यांचे प्रमाण स्लाइडशी जुळले नाही, तर अक्षरे ताणली जातात. मॅकवरील पॉवरपॉइंट व लिबरऑफिस इम्प्रेस यांत निर्यातीच्या वेळीच माप विचारले जाते.

लहान मापात जतन केलेले चित्र नंतर मोठे केल्याने हरवलेला अनुस्वार परत येत नाही. मूळ सादरीकरणातून नव्याने निर्यात करावी लागते. स्लाइडवर चिकटवलेले छायाचित्र मुळातच लहान असेल, तर मोठ्या मापातही ते धूसरच राहते.